‘रद्द नाही’ म्हणजे नेमके काय? नल मूल्ये आणि क्वेरींच्या चाचण्या

तुमचा प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलत आहोत याची खात्री होईल. जँगोवर (पायथॉन भाषेतील वेब फ्रेमवर्कवर, म्हणजे ॲप बांधायच्या तयार सांगाड्यावर) चालणाऱ्या तुमच्या वेब ॲपमध्ये ऑर्डरचे एक टेबल आहे, त्यात ‘स्थिती’ हा कॉलम आहे आणि काही जुन्या ओळींमध्ये तो नल, म्हणजे कोणतेही मूल्य नसलेला, आहे. ‘रद्द नसलेल्या ऑर्डर’ पडद्यावरील यादीत 1,040 दिसतात, पण हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमधून (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारण्याच्या भाषेतून) तयार होणाऱ्या अहवालात त्या 1,017 भरतात. चाचण्या एसक्यूलाइट या डेटाबेसवर चालतात, प्रत्यक्ष ॲप पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर चालते, आणि दोन्ही क्वेरींच्या चाचण्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, आहेत. प्रत्येक क्वेरीसाठी नलची वेगळी चाचणी लिहावी, की फ्रेमवर्क हे सांभाळून घेते असे धरून पुढे जावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. पहिली म्हणजे त्या 23 ओळी ‘रद्द नसलेल्या’ धरायच्या की नाहीत, आणि हे कोणतीही चाचणी ठरवू शकत नाही. दुसरी म्हणजे दोन क्वेरींनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली असताना तुमच्या चाचण्यांना त्याचा पत्ता कसा लागला नाही. मी मुख्यतः दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहितो, कारण चाचण्यांची संख्या वाढवूनही ती आपोआप सुटत नाही. नलच्या बाबतीत चाचणी आंधळी होते ती जवळजवळ नेहमी तिच्या डेटामुळे. तिच्यातील अपेक्षा बहुधा बरोबरच असतात.

आधी यंत्रणा पाहू. एसक्यूएलमध्ये तुलनेचे निकाल तीन असतात: सत्य, असत्य आणि अज्ञात. नलशी केलेली कोणतीही साधी तुलना अज्ञात देते, अगदी ‘नल = नल’ हीसुद्धा. ‘व्हेअर’मधून, म्हणजे क्वेरीतील अटीच्या भागातून, फक्त सत्य ठरलेल्या ओळी पुढे जातात, म्हणजे असत्य आणि अज्ञात यांना तिथे एकाच दाराने बाहेर काढले जाते. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. पाय घसरतो तो नकारावर. ‘नॉट असत्य’ म्हणजे सत्य, पण ‘नॉट अज्ञात’ म्हणजे पुन्हा अज्ञातच. म्हणून ‘स्थिती = रद्द’ या अटीतून नल ओळ गळते आणि ‘स्थिती <> रद्द’ (रद्दच्या बरोबर नाही) या अटीतूनही तीच ओळ गळते. रोजच्या भाषेत जे रद्द नाही ते ‘रद्द नसलेले’ असते, पण एसक्यूएलमध्ये या दोहोंच्या मध्ये तिसरी जागा आहे आणि तुमच्या 23 ओळी तिथे बसल्या आहेत. तुमचा अहवाल चुकीचे एसक्यूएल चालवत नाही, तो एसक्यूएलच्या नियमाप्रमाणेच वागतो आहे.

पडद्यावरील यादी मात्र जँगोच्या ‘एक्सक्लूड’मधून (अटीत बसणाऱ्या ओळी वगळणाऱ्या पद्धतीतून) येते, आणि तिथे फ्रेमवर्कने तुमच्या वतीने एक निर्णय घेतलेला आहे. मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलाचे वर्णन करणाऱ्या जँगोच्या कोडमध्ये, कॉलम नल स्वीकारणारा म्हणून घोषित केला असेल, तर जँगो ‘नॉट (स्थिती = रद्द)’ एवढेच लिहीत नाही. तो ‘नॉट (स्थिती = रद्द अँड स्थिती इज नॉट नल)’ असे लिहितो. नल ओळीसाठी कंसातील पहिला भाग अज्ञात, दुसरा असत्य. अज्ञात आणि असत्य यांचा ‘अँड’ असत्य. आणि त्याचा नकार सत्य. त्यामुळे ती ओळ यादीत राहते. क्वेरीसेटचा (जँगोत क्वेरी दर्शवणाऱ्या ऑब्जेक्टचा) ‘क्वेरी’ हा गुणधर्म छापून पाहिलात तर हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि तसे पाहण्याची सवय मी आवर्जून लावून घ्या म्हणेन. याचा एक उपपरिणाम असा, की ‘किंमत 100 पेक्षा जास्त’ हे एक्सक्लूड करणे आणि ‘किंमत 100 किंवा कमी’ हे फिल्टर करणे या दोन गोष्टी नल स्वीकारणाऱ्या कॉलमवर एकसारख्या नाहीत. पहिलीत नल किंमतीच्या ओळी येतात, दुसरीत येत नाहीत. कोड नीटनेटका करताना एकाच्या जागी दुसरी टाकणारे बदल मी अनेकदा परत पाठवले आहेत.

मग फ्रेमवर्कवर भरवसा ठेवायला हरकत काय? हरकत अशी, की ही मदत सगळीकडे पोहोचत नाही. हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये ती नाही, हे तुमच्याच उदाहरणात दिसले. ‘ॲनोटेट’ने तयार केलेल्या गणितावर, उदाहरणार्थ लहान अक्षरांत बदललेल्या स्थितीवर, एक्सक्लूड लावले तर हीच जोड मिळेल असे धरून चालू नये. तयार झालेले एसक्यूएल पाहावे. तिसरी जागा सर्वांत फसवी आहे. मॉडेलमध्ये कॉलम नल न स्वीकारणारा म्हणून लिहिलेला असतो, पण प्रत्यक्ष टेबल जुने, दुसऱ्या प्रणालीकडून आलेले किंवा हाताने बदललेले असल्याने त्यात नल शिरलेले असतात. जँगो मॉडेलवर विश्वास ठेवून ‘इज नॉट नल’ची जोड गाळतो आणि त्या ओळी निमूटपणे गायब होतात. चाचणीचा डेटाबेस मायग्रेशनमधून (मॉडेलवरून टेबले बांधणाऱ्या कोडमधून) नव्याने बांधला जातो, त्यामुळे तिथे त्या कॉलममध्ये नल टाकताच येत नाही. म्हणजे दोष दाखवणारी चाचणी लिहिणेसुद्धा अशक्य होते. अशा प्रकल्पात पहिली चाचणी क्वेरीची नसावी. प्रत्यक्ष डेटाबेसमधील ‘इन्फर्मेशन स्कीमा’त (टेबलांच्या रचनेच्या नोंदीत) कोणते कॉलम नल स्वीकारतात हे वाचावे आणि ते मॉडेलशी जुळते का, हे तपासणारी एक छोटी स्क्रिप्ट आधी लिहावी.

दुसऱ्या फ्रेमवर्कमधून आलेल्या सहकाऱ्यांच्या अपेक्षा वेगळ्या असतात, हेही ध्यानात ठेवा. रूबी भाषेतील रेल्स या फ्रेमवर्कमध्ये ‘व्हेअर डॉट नॉट’ला ‘रद्द’ दिले तर साधे ‘!=’ (म्हणजेच ‘<>’) तयार होते आणि नल ओळी गळतात. मात्र त्याच रेल्समध्ये सामान्य ‘व्हेअर’ला नल आणि एखादे मूल्य असलेली यादी दिली, तर तो समजूतदारपणे ‘ऑर स्थिती इज नल’ जोडतो. पायथॉनच्या एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीत ‘== नन’ (नन म्हणजे पायथॉनमधील ‘काही नाही’) लिहिले की ‘इज नल’ होते, पण सवयीने ‘इज नन’ लिहिले तर ती तुलना पायथॉनमध्येच होऊन असत्य ठरते आणि डेटाबेसपर्यंत तुमची अट पोहोचतच नाही. सी-शार्प भाषेसाठीचे एंटिटी फ्रेमवर्क कोअर त्या भाषेच्या दुहेरी (फक्त सत्य-असत्य) तर्काशी जुळवून घेण्यासाठी स्वतःहून नलच्या अटी जोडते, आणि ते बंद करण्याची सोयही देते. सांगायचा मुद्दा एवढाच, की ‘ओआरएम (कोडवरून एसक्यूएल तयार करणारा थर) नल सांभाळते’ या वाक्याला नेमका अर्थ नाही. कोणते, कुठल्या पद्धतीने आणि कोणत्या आवृत्तीत, यावर ते अवलंबून आहे.

आता चाचणीच्या डेटाकडे येतो, कारण माझ्या अनुभवात घोटाळा इथेच असतो. आपण चाचणीसाठी ओळी फॅक्टरीने, म्हणजे नमुना ओळी बनवणाऱ्या कोडने, तयार करतो, आणि चांगली फॅक्टरी प्रत्येक रकाना काहीतरी शहाण्या मूल्याने भरते. तोच तिचा गुण आणि तोच इथे दोष. तुमच्या ‘रद्द नसलेल्या’ यादीच्या चाचणीत बहुधा एक रद्द ऑर्डर आणि एक पूर्ण झालेली ऑर्डर असेल. दोन्ही क्वेरी पहिली वगळतात, दुसरी देतात, आणि दोन्ही चाचण्या हिरव्या होतात. त्या ओळींवर दोन्ही क्वेरी खरोखरच समान आहेत. फरक फक्त तिसऱ्या प्रकारच्या ओळीवर आहे, आणि ती ओळ चाचणीत कधी जन्मलीच नाही.

म्हणून मी स्वतःसाठी एक ढोबळ नियम ठेवला आहे: अटीत वापरलेला कोणताही कॉलम नल स्वीकारत असेल, तर चाचणीच्या डेटात त्याच्यासाठी किमान तीन ओळी असल्याच पाहिजेत. एक अट पूर्ण करणारी, एक न करणारी आणि एक नल. ओळींना नावे द्यावीत, ‘रद्द’, ‘पूर्ण’, ‘स्थिती नसलेली’ अशी, आणि निकालाची तुलना नावांच्या संचाशी करावी. संख्येशी करू नये. दोन ओळी आल्या म्हणजे योग्य त्याच दोन आल्या असे नसते. एक चुकून गळली आणि टेबलांच्या जोडणीमुळे दुसरी दुबार आली, तरी संख्या जुळते. शिवाय संचाशी तुलना केली की चाचणी मोडल्यावर ‘स्थिती नसलेली ऑर्डर निकालात नाही’ असे वाचता येते, आणि त्या एका ओळीत निदान झालेले असते.

अटीत दोन नल स्वीकारणारे कॉलम असतील तर तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ ओळी होतात. हे जास्त वाटते, पण पायथॉनच्या ‘आयटरटूल्स’मधील ‘प्रॉडक्ट’ने त्या चार ओळींच्या कोडमध्ये तयार होतात, आणि ‘स्थिती रद्द नाही किंवा परतावा शून्य आहे’ अशा मिश्र अटींमधील चुका फक्त अशाच जाळीत सापडतात. तीन कॉलम झाले तर 27. तिथे मी सहसा थांबतो आणि ती क्वेरीच दोन भागांत तोडता येईल का ते पाहतो, कारण 27 शक्यतांचा अपेक्षित निकाल कोणी डोक्यात धरू शकत नसेल तर तो कोड वाचणाऱ्यालाही धरता येणार नाही.

अपेक्षित निकाल हाताने लिहायचा कंटाळा येत असेल, तर विभागणीची चाचणी उपयोगी पडते. तिची कल्पना साधी आहे. कोणतीही अट घ्या. ती सत्य असलेल्या ओळी, तिचा नकार सत्य असलेल्या ओळी आणि ती अज्ञात असलेल्या ओळी या तिन्ही संचांत कोणतीही ओळ दोनदा येता कामा नये आणि तिघांची बेरीज पूर्ण टेबल झाली पाहिजे. मॅन्युएल रिगर आणि झेंडाँग सू यांनी 2020 मध्ये नेमक्या याच तत्त्वावर डेटाबेस इंजिनांमधील दोष शोधण्याची पद्धत मांडली. एकच क्वेरी तीन तुकड्यांत विभागायची, तुकडे जोडायचे आणि मूळ निकालाशी ताडून पाहायचे. आपल्याला इंजिन तपासायचे नाही, पण तत्त्व तेच वापरता येते. जँगोच्या फिल्टर आणि एक्सक्लूडची बेरीज साध्या कॉलमवर पूर्ण टेबलाइतकी येते, कारण अज्ञात भाग एक्सक्लूडने पोटात घेतलेला असतो. हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये ती तशी येत नाही, तिसरा तुकडा वेगळा मोजावा लागतो. ही चाचणी कोण बरोबर हे सांगत नाही, पण कोणती क्वेरी दोन खणांत विचार करते आणि कोणती तीन खणांत, हे ताबडतोब उघड करते.

तुमच्या बाबतीत मी याहून थेट चाचणी आधी लिहीन: तीन ओळींचा डेटा, त्यावर पडद्यावरील यादीमागची क्वेरी आणि अहवालामागची क्वेरी दोन्ही चालवायच्या, आणि दोन्हींचे ऑर्डर क्रमांक एकच संच आहेत असे ठामपणे मागायचे. एकाच नावाची संकल्पना दोन ठिकाणी दोन पद्धतींनी लिहिली असेल, तर त्या दोन ठिकाणांना एकमेकांसमोर उभे करणारी चाचणी ही वेगवेगळ्या दहा चाचण्यांपेक्षा मोलाची असते. आणि ती लिहिल्यावर दुरुस्तीच्या आधी एकदा लाल झालेली पाहा. मी तर दुरुस्तीनंतरही ‘ऑर स्थिती इज नल’ हा तुकडा क्षणभर काढून पाहतो. तरीही चाचणी हिरवीच राहिली, तर ती दुसरेच काहीतरी तपासत असते.

इथे एक स्वतःची फजिती सांगतो. एका जुन्या प्रकल्पात रात्री चालणारे सफाईचे काम मी लिहिले होते: ज्या फाइलींचा क्रमांक कोणत्याही नोंदीत नाही, त्या पुसून टाकायच्या. अट होती ‘क्रमांक नॉट इन (सिलेक्ट फाइल क्रमांक फ्रॉम नोंदी)’. चाचण्या व्यवस्थित होत्या, काम रोज यशस्वी झाल्याचा संदेश येत होता, आणि जागा मात्र भरत चालली होती. नोंदींपैकी काहींना फाइलच नव्हती, म्हणजे आतल्या यादीत नल होता. ‘नॉट इन’ म्हणजे यादीतील प्रत्येक मूल्याशी ‘<>’ आणि त्या सर्वांचा ‘अँड’. त्यात एक जरी तुलना अज्ञात झाली, तर संपूर्ण अट कधीच सत्य होऊ शकत नाही. यादीत हजार मूल्ये असोत, एक नल पुरतो आणि निकाल रिकामा येतो. काम खरोखर यशस्वी होत होते, फक्त शून्य ओळी पुसत होते. तेव्हापासून आतल्या क्वेरीत नल येऊ शकत असेल तर मी ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहितो. आणि ‘काही न करणे’ हेही ज्याच्या दृष्टीने यश असते अशा कामाच्या चाचणीत, नल असलेल्या डेटावर नेमकी अमुक ओळ गेली पाहिजे, अशी अपेक्षा ठेवतो.

बेरजा आणि सरासऱ्या यांच्यात नल वेगळ्या रीतीने वागतो, आणि तिथे ओळ गळत नसून आकडा बदलतो, त्यामुळे ते लक्षात यायला जास्त वेळ लागतो. एक छोटे उदाहरण घ्या. पहिल्या ऑर्डरची रक्कम 500 आणि सवलत नल. दुसरीची रक्कम 300 आणि सवलत 50. ‘सम(रक्कम − सवलत)’ काढले तर उत्तर 250 येते, कारण पहिल्या ओळीतील वजाबाकीच नल होते आणि ‘सम’ नल मूल्ये सोडून देतो, म्हणजे 500 ची पूर्ण ऑर्डर नाहीशी होते. ‘सम(रक्कम) − सम(सवलत)’ काढले तर 750 येते. शाळेच्या गणितात ही दोन सूत्रे एकच आहेत. सवलत नसणे म्हणजे शून्य सवलत असा अर्थ असेल, तर ‘कोअलेस’ (नलच्या जागी दुसरे मूल्य देणारे फंक्शन) लावायचे ते वजाबाकीच्या आत, सवलतीवर; बाहेर, ‘सम’वर लावलेले ‘कोअलेस’ हा दोष झाकते, दुरुस्त करत नाही. मी हे मुद्दाम सांगतो, कारण कोड तपासताना ‘कोअलेस’ दिसले की डोळे समाधानाने पुढे सरकतात.

याच कुटुंबातील आणखी एक गोष्ट: एकही ओळ नसताना ‘काउंट’ शून्य देतो, पण ‘सम’ नल देतो. जँगोत तो ‘नन’ होऊन येतो आणि पुढच्या बेरजेत ॲप कोसळते. जँगो 4.0 पासून ॲग्रिगेटला (‘सम’सारख्या एकत्रित आकड्याला) ‘डिफॉल्ट’ देता येतो. तरीही रिकाम्या टेबलावरची एक चाचणी प्रत्येक बेरजेसाठी हवीच. सरासरीत नल ओळी छेदातही धरल्या जात नाहीत, आणि ‘काउंट(*)’ व ‘काउंट(कॉलम)’ यांतला फरक म्हणजे त्या कॉलममधील नलची संख्या. हा फरक मी प्रत्यक्ष डेटावर आधी काढून पाहतो. ज्या कॉलममध्ये तो शून्य नाही, तिथून चाचण्या लिहायला सुरुवात करतो.

तुमच्या चाचण्या एसक्यूलाइटवर चालतात, हे ‘स्थिती <> रद्द’साठी फारसे बिघडवत नाही, कारण तो नियम दोन्हीकडे सारखाच आहे. क्रमवारीत मात्र बिघडवते. चढत्या क्रमात पोस्टग्रेस नल शेवटी ठेवतो, एसक्यूलाइट आणि मायएसक्यूएल सुरुवातीला ठेवतात. ‘पैसे भरल्याच्या तारखेनुसार पहिल्या 20’ ही यादी त्यामुळे दोन इंजिनांवर सर्वस्वी वेगळी येऊ शकते. जँगोत क्रमवारी लावताना नल आधी की नंतर हे स्पष्टपणे लिहिता येते, आणि नल स्वीकारणाऱ्या कॉलमवर ते लिहावेच.

पानांची विभागणी ‘शेवटच्या ओळीच्या पुढचे’ अशा पद्धतीने केली असेल तर अधिक सांभाळून राहा. ‘तारीख > शेवटची तारीख’ ही अट नल तारखेच्या ओळीसाठी अज्ञात ठरते, म्हणून ती ओळ पुढच्या कोणत्याच पानावर येत नाही. आणि नल आधी येण्याची क्रमवारी असेल, तर पहिल्याच पानाची शेवटची ओळ नल निघून पुढची सगळी पाने रिकामी येऊ शकतात. यावर उत्तम चाचणी म्हणजे पानाचा आकार 2 ठेवून, नल असलेल्या पाच-सहा ओळींवर सगळी पाने ओळीने मागवायची आणि गोळा झालेला संच पूर्ण टेबलाशी ताडायचा.

शक्य असेल तर चाचण्या पोस्टग्रेसवरच चालवा, असे मी स्पष्टपणे सुचवेन. वेग कमी होतो हे खरे. सगळा संच तिथे चालवणे परवडत नसेल, तर निदान क्वेरींच्या चाचण्या वेगळ्या करून त्या तरी तिथे चालवाव्यात. एकमेवतेच्या बंधनाबाबतही इंजिने एकमत नाहीत: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट एकमेव कॉलममध्ये कितीही नल चालवून घेतात, एसक्यूएल सर्व्हर एकच चालवतो, आणि पोस्टग्रेसच्या 15 व्या आवृत्तीपासून नल हे एकसारखे धरावेत असे सांगता येते. ‘चेक’ बंधनाची गंमत उलटी आहे. ‘व्हेअर’मध्ये अज्ञात ओळ बाहेर जाते, पण ‘चेक’मध्ये अज्ञात उत्तीर्ण ठरते, म्हणून ‘किंमत > 0’ या बंधनातून नल किंमत बिनदिक्कत आत येते.

वेबच्या बाजूने येणारा नल हा वेगळा प्राणी आहे, पण तुम्ही फ्रेमवर्कच्या संदर्भात विचारले म्हणून थोडे लिहितो. पत्त्यातील पॅरामीटरमध्ये नल नसतोच. तो रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) म्हणून येतो किंवा मुळीच येत नाही. जेसनमध्ये (वेबवर डेटा पाठवण्याच्या मजकूर-स्वरूपात) ‘किल्ली नाही’ आणि ‘किल्ली आहे, मूल्य नल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्धवट बदल करणाऱ्या विनंतीत पहिलीचा अर्थ ‘हात लावू नका’ आणि दुसरीचा ‘पुसून टाका’ असा असतो, आणि पायथॉनचा ‘गेट’ दोन्हींसाठी ‘नन’ परत करतो. म्हणून शोधाच्या प्रत्येक फिल्टरसाठी मी तीन विनंत्या पाठवून पाहतो: पॅरामीटर नसलेली, रिकामा पॅरामीटर असलेली आणि मूल्य असलेली. मजकुराच्या कॉलममध्ये नल आणि रिकामी स्ट्रिंग असे ‘काही नाही’चे दोन प्रकार ठेवू नयेत, असा जँगोचा सल्ला आहे, आणि मी तो पाळतो. जेसन प्रकारच्या कॉलममध्ये तर एसक्यूएलचा नल आणि जेसनचा नल हे शेजारी राहू शकतात, ‘इज नल’ फक्त पहिल्याला ओळखतो. तिथे चाचणीच्या डेटात तीनऐवजी चार ओळी लागतात.

इथवरचे एकत्र धरले तर तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे होते. प्रत्येक क्वेरीसाठी नलची वेगळी चाचणी लिहू नका. आहेत त्याच चाचण्यांच्या डेटात नल ओळ घाला. फॅक्टरीला ‘विरळ’ असा एक प्रकार जोडा, जो नल स्वीकारणारा प्रत्येक रकाना नलच ठेवतो, आणि यादी देणाऱ्या प्रत्येक चाचणीच्या सुरुवातीला अशी एक ओळ तयार करा. पहिल्याच दिवशी बऱ्याच चाचण्या लाल होतील. त्यांपैकी काही ठिकाणी क्वेरी चुकलेली असेल, काही ठिकाणी अपेक्षा, आणि काही ठिकाणी त्या कॉलमने मुळात नल स्वीकारायलाच नको होता असे लक्षात येईल. वेगळी, सविस्तर चाचणी फक्त तिथे लिहा जिथे नकार आहे, ‘नॉट इन’ आहे, डाव्या जोडणीनंतर (लेफ्ट जॉइन, जी उजवीकडे जुळणारी ओळ नसली तरी डावीकडची ठेवते) उजव्या टेबलावर अट आहे, गणित आहे किंवा हाताने लिहिलेले एसक्यूएल आहे. साध्या ‘बरोबर’च्या फिल्टरवर वेळ घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. डाव्या जोडणीचा उल्लेख अशासाठी, की तिथे टेबलात एकही नल नसला तरी जोडणी स्वतः नल निर्माण करते, आणि ‘व्हेअर’मधील उजव्या बाजूची एक साधी अट त्या सगळ्या ओळी पुसून जोडणीला आतली जोडणी (इनर जॉइन) करून टाकते.

राहिल्या त्या 23 ओळी. त्या कशा जन्मल्या हे आधी शोधा. त्यांच्या तारखा एका काळात दाटलेल्या असतील तर बहुधा ‘स्थिती’ हा कॉलम नंतर जोडला गेला आणि जुन्या ओळी भरायच्या राहिल्या. तसे असेल तर ज्यांना या ऑर्डरचा व्यवहार माहीत आहे त्यांना विचारून त्या भरा, मग कॉलमवर ‘नॉट नल’ लावा आणि अहवालाची क्वेरी आहे तशीच ठेवा. त्यानंतर ‘स्थिती नसलेली’ ही ओळ चाचणीत तयारच होणार नाही. तिच्या जागी, स्थितीशिवाय ऑर्डर जतन करू पाहिली तर डेटाबेस ती नाकारतो, एवढी एकच चाचणी ठेवा. पण ‘स्थिती अजून ठरलेली नाही’ असा त्या नलचा खरा अर्थ निघाला, तर कॉलम तसाच राहू द्या, अहवालात ‘स्थिती इज डिस्टिंक्ट फ्रॉम रद्द’ असे लिहा, जे पोस्टग्रेसमध्ये नललाही मूल्यासारखे ताडते, आणि दोन्ही क्वेरींना समोरासमोर उभे करणारी ती तीन ओळींची चाचणी कायम ठेवा.